आजोबांची बंदूक, बंद पडलेली पारध आणि क्लचवायरची फासकी

कणकवलीजवळच्या एका गावातून आलेला प्रश्न थोडक्यात असा. आजोबांच्या नावावर शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक आहे. आजोबा आता थकले. नातू मुंबईची नोकरी सोडून गावी भात आणि काजू बघायला आला आहे. गावातली जुनी माणसे म्हणतात, परवाना स्वतःच्या नावावर करून घे, डुकरांनी शेतात काही ठेवलेले नाही. मुंबईचे मित्र म्हणतात, शिकार म्हणजे खून, बंदूक पोलिसांत देऊन मोकळा हो. गावची पारध, म्हणजे गावाने मिळून करायची शिकार, बंद पडूनही काही वर्षे झाली. लोकांचे मत इतके फिरले असताना शिकारीला पुढे काही भवितव्य आहे का, आणि ही बंदूक ठेवावी की नाही?

मी वनखात्यातून वनपाल म्हणून निवृत्त झालो. नोकरी सगळी दक्षिण रत्नागिरीत आणि सिंधुदुर्गात झाली. माझ्या वडिलांकडेही असलीच बंदूक होती, त्यामुळे या प्रश्नाची एक बाजू मी घरात पाहिली आणि दुसरी कामावर. माझे मत आधीच सांगतो: हौसेची शिकार कोकणातून गेली, ती परत येणार नाही आणि येऊही नये. पण पीक राखण्यासाठी जनावर मारावे लागते तेव्हा ते कोणी, कोणाच्या परवानगीने आणि कशाने मारायचे, हा प्रश्न तिच्याबरोबर गेलेला नाही. तो आपण अंधारात ढकलला आहे, आणि अंधारात त्याचे उत्तर मोटारसायकलच्या क्लचवायरची फासकी देते आहे.

कायद्यापासून सुरुवात करतो, कारण निम्मे गैरसमज तिथले आहेत. शेतीसंरक्षणाचा परवाना हा शस्त्र बाळगण्याचा परवाना. तो १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडून मिळतो. जनावर मारण्याची परवानगी हा वेगळा कागद, तो १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ११ खाली वनखात्याकडून घ्यावा लागतो. पहिला कागद खिशात आहे म्हणजे दुसऱ्याची गरज नाही, असे समजून बसलेली माणसे मी कोर्टाच्या पायऱ्यांवर पाहिली आहेत. ती वाईट माणसे नव्हती. त्यांच्या वडिलांना आणि आजोबांना हा दुसरा कागद कधी कोणी मागितला नव्हता, एवढेच.

पूर्वी मुंबई राज्याचा १९५१ चा कायदा होता, त्यात शिकारीचे परवाने मिळत. १९७२ च्या कायद्यातही सुरुवातीला लहान शिकार, मोठी शिकार असे परवाने होतेच. १९९१ च्या दुरुस्तीने ते सगळे काढून टाकले. तेव्हापासून या देशात छंद म्हणून कायदेशीर शिकार नाही. शिवाय कायद्यातली शिकारीची व्याख्या फार रुंद आहे. मारणे, विष घालणे, पकडणे, फासे लावणे, आमिष लावणे, जनावर हाकणे, आणि यातल्या कशाचाही नुसता प्रयत्न करणे, हे सगळे शिकारीत येते. पारधीत ज्याच्या हातात फक्त काठी आणि पत्र्याचा डबा होता, तो हाकारीसुद्धा कायद्याच्या नजरेत शिकारीच.

रानडुक्कर आता या कायद्याच्या अनुसूची दोनमध्ये, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या दुसऱ्या यादीत आहे (२०२२ ची दुरुस्ती, १ एप्रिल २०२३ पासून लागू). विनापरवाना मारले तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. बिबट्या किंवा खवले मांजर असेल तर प्रकरण अनुसूची एकचे, शिक्षा तीन ते सात वर्षे. जिवावर बेतले आणि स्वतःला किंवा दुसऱ्याला वाचवताना सद्‌हेतूने जनावर मेले किंवा जखमी झाले, तर कलम ११ मध्येच त्याला संरक्षण आहे. पिकासाठी मात्र आधी परवानगी. २०१५ मध्ये राज्य सरकारने रानडुक्कर आणि नीलगाय यांच्यापुरती ही वाट थोडी सोपी केली. नीलगाईचा त्रास विदर्भाचा, आपल्याकडे कामाचे ते डुकराचेच.

आणि ही गोष्ट गावात कोणाला आवडत नाही: परवानगीने मारलेले डुक्करही सरकारी मालमत्ता ठरते. पंचनामा होतो आणि ते पुरतात किंवा जाळतात. मटणाचे वाटे पडत नाहीत. पारधीचा सगळा संसार वाट्यांवर उभा होता, त्यामुळे कायदेशीर मार्गाने डुक्कर मारायला फारसे कोणी पुढे येत नाही. ज्याचे भात गेले तो एकटा अर्ज करतो, बाकी गाव घरी बसते.

पारधीबद्दल शहरात दोन टोकांची चित्रे आहेत, दोन्ही अपुरी. शिमग्याच्या आगेमागे देवळात गाऱ्हाणे घालून माणसे रानात जात. ठरलेल्या वाटांवर बंदूकवाले बसत, बाकीचे रान उठवत. ज्याचा बार लागला त्याचा वाटा मोठा, हाकाऱ्यांचा वाटा, कुत्र्यांचा वाटा, देवाच्या नावाचा वाटा. ज्याच्या घरात त्या दिवशी पुरुष माणूस नव्हते त्या घरीही मटण पोचे. कोणत्या व्हाळाने डुक्कर उतरते, कोणत्या सड्यावर भेकर चरते, पिल्ले घातलेली मादी कुठल्या जाळीत आहे, हे माहीत असलेली माणसे प्रत्येक वाडीत होती. देवराईत बार काढायचा नाही, पावसाळ्यात रानात शिरायचे नाही, असे दंडक आमच्या भागात होते.

पण हे दंडक माझ्या डोळ्यांदेखत मोडले. डांबरी रस्ते झाले, जीप आली, मग लांबवर झोत टाकणाऱ्या बॅटऱ्या आल्या. रात्री गाडीच्या टपावरून डोळे चमकतील तिथे बार काढायचा, तो ससा आहे की भेकर की साळिंदर हे नंतर बघायचे, असे सुरू झाले. तालुक्याच्या ठिकाणाहून हौशी मंडळी यायची. त्यांना ना शेत, ना देव, ना वाडी. मटणाचे भाव ठरू लागले. पिसोरीसारखे मांजराएवढे हरीणसुद्धा कोणी सोडले नाही. तेव्हा जुनी शिकार सगळी संयमाची होती असे कोणी सांगत असेल तर त्याने शेवटची वीस-तीस वर्षे पाहिलेली नाहीत. लोकांचे मत फिरले त्याला या बॅटरीवाल्यांची करणी निम्मी कारण आहे, असे मी मानतो.

उरलेले निम्मे कारण म्हणजे नवी पिढीच वेगळी आहे. फक्त शहरातली म्हणून नव्हे. शिमग्याला मुंबईहून येणारी मुले पालखी नाचवतात, सोंगे काढतात, पण रान उठवायला सकाळी उठत नाहीत. गावातली शाळकरी मुले खवले मांजराची चित्रे काढतात. मेलेल्या डुकराबरोबर काढलेला फोटो पूर्वी घरात लावायचे, आता तो मोबाइलवरून फिरला की दुसऱ्या दिवशी वनखात्याची गाडी दारात उभी राहते. घरातल्या बायकांचे मत तर कोणी कधी विचारलेच नव्हते. मी पंचनाम्याला गेलो की माजघरातून ऐकू यायचे, ‘होऊन जाऊ दे एकदा बंद, घरात ती बंदूक नको.’

शहर आणि गाव यांच्यात किती अंतर पडले आहे ते २०१८ च्या नोव्हेंबरात सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. यवतमाळच्या पांढरकवड्यात माणसे मारल्याचा ठपका असलेली अवनी वाघीण गोळी घालून मारली. शहरांत निषेधाचे मोर्चे निघाले आणि तिथल्या गावांत लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. मला दोघांचीही भावना खरी वाटते. ज्याच्या घरातले माणूस गेले त्याला क्रूर म्हणणे जसे अन्यायाचे, तसे वाघिणीसाठी रडणाऱ्याला ढोंगी म्हणणेही अन्यायाचे.

ही घडामोड एकट्या कोकणातली नाही. अमेरिकेत १९९१ साली सुमारे १ कोटी ४१ लाख शिकारी होते, २०१६ मध्ये १ कोटी १५ लाख उरले. तिथे १९३७ च्या एका कायद्याने बंदुका आणि काडतुसांवर कर लावला आहे, बहुतेक शस्त्रांवर ११ टक्के, आणि तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांना जातो. शिकाऱ्यांच्या परवान्यांचेही उत्पन्न आहे. म्हणून शिकारी घटले की तिथे खात्याला खर्चाची काळजी लागते. तिथल्या पाहण्यांत लोक खाण्यासाठीच्या शिकारीला बऱ्यापैकी मान्यता देतात, भिंतीवर डोके टांगण्यासाठीच्या शिकारीला देत नाहीत. युरोपात रानडुकरे वाढत गेली आणि त्याच काळात शिकारी कमी होत गेले. आपल्याकडचे काही बंदूकवाले अमेरिकेचे उदाहरण देऊन म्हणतात की शिकारीच निसर्ग वाचवतो. हा दावा इथे लागू होत नाही. आपल्याकडे शिकाऱ्याने संरक्षणाला पैसा पुरवल्याचा इतिहास नाही.

एक मात्र खरे, की निसर्गाचे कितीतरी जाणकार बंदुकीच्या वाटेने आले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ मध्ये स्थापन झाली तेव्हा शिकारीची आवड असलेली मंडळी तिच्यात बरीच होती. सालिम अलींची सुरुवात लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने टिपलेल्या चिमणीपासून झाली, आणि पुढे त्यांनीच किहीमला सुगरणीच्या घरट्यांचा तो सुंदर अभ्यास केला. मुरुडजवळचे फणसाड अभयारण्य १९८६ मध्ये जाहीर झाले, ते जंजिऱ्याच्या नवाबाचे शिकारीचे राखीव रान होते म्हणूनच टिकले होते. नवाबी परत आणा असे मी म्हणत नाही. रान वाचता येणारी माणसे कुठून आली आणि आता कुठून येणार, एवढाच माझा मुद्दा आहे.

आता क्लचवायरकडे येतो. सगळ्यात महत्त्वाचे हेच आहे.

बंदूक मागे पडली की डुक्कर थांबत नाही. भात पसवले की कळप येतो आणि एका रात्रीत मळ्याचा चिखल करतो. कणगीचे कंद आणि रताळी तर मुळासकट उकरतो. ज्याचे गेले तो अर्ज करतो, पंचनामा होतो, भरपाई उशिरा आणि नुकसानीच्या मानाने थोडी मिळते. बंदूक असली तरी ऐनवेळी ती घरात नसते, कारण निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलिस ठाण्यात जमा करायला सांगतात. विधानसभेचे मतदान २०१९ मध्ये २१ ऑक्टोबरला आणि २०२४ मध्ये २० नोव्हेंबरला झाले. लवकर पिकणारे हळवे भात कापणीला आलेले, उशिरा पिकणारे गरवे अजून उभे, आणि बंदूक ठाण्याच्या कोठीत. पूर्वी आळीपाळीने मांगरात, म्हणजे शेतातल्या खोपीत, राखणीला झोपायला माणसे असत, आता वाडीत सत्तरी ओलांडलेली चार जोडपी. मग कोणीतरी मोटारसायकलची जुनी क्लचवायर घेतो, गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, खिंडारात तिची फासकी लावतो आणि घरी जाऊन झोपतो.

बंदूकवाल्याला निदान समोर काय आहे ते दिसते. फासकीला दिसत नाही. डुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबट्या अडकतो, आणि आमच्या दोन्ही जिल्ह्यांत हे वारंवार होते. पुढचे शरीर निसटते, वायर कमरेला बसते. तो जितका ओढतो तितकी ती आत रुतते. सकाळी काजूच्या बागेत गुरगुर ऐकू येते, शंभर माणसे गोळा होतात, मोबाइल वर होतात. भूल देणारा पशुवैद्यक लांबून यायचा असतो. तोपर्यंत त्या जनावराच्या आतड्यांची आणि मूत्रपिंडांची काय अवस्था झालेली असते ते बाहेरून दिसत नाही. वायर काढली, जनावर उठून चालायला लागले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि दोन दिवसांनी ते पिंजऱ्यात मेले, असे शेवट मी पाहिले आहेत. आमिषात दडवलेला, चावला की फुटणारा गावठी बॉम्ब तर त्याहून भयानक. डुकराऐवजी गाभण गायीने तो चावला तर तिचा जबडा उरत नाही. कुंपणात वीज सोडण्याचा प्रकार माणसांचेही बळी घेतो, आणि ते बहुतेक आपल्याच वाडीतले, पहाटे पाणी बघायला निघालेले असतात.

म्हणून मुंबईच्या मित्रांना माझे सांगणे: बंदूक बंद झाली म्हणजे मरण बंद झाले, असे समजू नका. बंदुकीचा बार सगळ्या गावाला ऐकू जातो. कोणी काढला, कुठे काढला, याची चर्चा होते, परवान्याला नंबर असतो. फासकीला ना आवाज ना नंबर. गुन्हा नोंदवायचा म्हटला तरी ती कोणी लावली हे सिद्ध करताना आम्ही वर्षानुवर्षे थकलो.

डुकरे इतकी वाढली कशी, हाही प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर बरेचसे आपल्या घरात आहे. आजोबांच्या तरुणपणी गावकुसापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत जमीन कसलेली होती. नाचणी, वरी, कुळीथ, सगळे होई. माणसे मुंबईला गेली, मळे पड राहिले, त्यावर रानमोडी आणि घाणेरी माजली. डुकराला दिवसा लपायला डोंगर चढावा लागत नाही, तो परसाच्या पलीकडेच असतो. एका वेळी चार-सहा पिल्ले सहज होतात. गडगे ढासळले ते कोणी रचले नाहीत, कारण जमीन सात भावांच्या नावावर आणि सातही जण विरार-डोंबिवलीला. हे जोपर्यंत असेच आहे, तोपर्यंत नुसत्या बंदुकांनी डुकरे कमी होणार नाहीत. उलट, नियोजन न करता रान उठवले की कळप फुटतो आणि शेजारच्या वाडीत दोन ठिकाणी घुसतो.

माझ्या मते पुढचा रस्ता कसा असावा? केरळने २०२२ मध्ये पिकांचे नुकसान करणाऱ्या रानडुकरांपुरते अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांना दिले. परवानाधारक बंदूकवाल्यांची यादी करायची, तक्रार आली की त्यांतल्या माणसाला लेखी परवानगी द्यायची, नोंद ठेवायची आणि मेलेल्या जनावराची नियमाने विल्हेवाट लावायची. त्यात त्रुटी आहेत, पण परवानगी देणारा माणूस गावातला आहे आणि त्याला दुसऱ्या दिवशी गावाला तोंड दाखवायचे आहे. कोकणात हे करायचे तर मी तीन अटी घालीन. फक्त रानडुक्कर, आणि तेही उभ्या पिकाच्या दिवसांत. ज्या गावाला परवानगी हवी त्या गावाने आधी आपल्या हद्दीतल्या फासक्या काढल्या पाहिजेत, आणि पुढे एकही सापडली तर गावाची परवानगी रद्द. तिसरी अट अशी, की निवडणुकीत सरसकट बंदुका जमा न करता ज्याच्यावर गुन्हा नाही आणि ज्याचे पीक उभे आहे त्याचा वेगळा विचार व्हावा.

डुक्कर केंद्राकडून उपद्रवी जाहीर करून घ्यावे, म्हणजे परवानगीची कटकटच नको, अशी मागणी मधूनमधून होते. कलम ६२ खाली तसे करता येते, बिहार आणि उत्तराखंडात काही काळ झालेही. माझा त्याला विरोध आहे. तशी मोकळीक मिळाली की बॅटरीवाले पहिले येतील, शेतकरी शेवटी. शिवाय कागदाने माणसाचे मन बदलत नाही. शिमल्यात २०१६ मध्ये माकडे उपद्रवी जाहीर झाली, पण त्यांना मारायला फारसे कोणी धजावले नाही. आपल्याकडे नारळ आणि शहाळी पाडणाऱ्या वानरांना शिव्या सगळे देतात, पण त्यांच्यावर बार काढायला सांगितले तर शंभरात किती हात उचलतील?

निसर्गप्रेमी संस्थांकडूनही माझी अपेक्षा आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र मंडळींनी वेळासला कासवांचे काम उभे केले तेव्हा त्यांनी अंडी काढणाऱ्यांना नुसते गुन्हेगार ठरवले नाही. घरटे ओळखायची त्यांची नजर कामाला लावली. गावात राहायला येणाऱ्या पाहुण्यांचे चार पैसे गावात राहिले. पारधीला जाणाऱ्या जुन्या माणसांच्या बाबतीत असे कोणी मनापासून केलेले मला दिसत नाही. वाळूवरचा माग वाचणाऱ्याचे कौतुक झाले, पाचोळ्यावरचा माग वाचणारा संशयितच राहिला. रायगडातल्या कातकऱ्यांचेही तेच. रान त्यांच्याइतके कोणाला कळते? पण उंदीर-घूस पकडून खाणाऱ्या त्या माणसांवर पहिला संशय घेतला जातो, आणि गाडीवाल्या शिकाऱ्यांपर्यंत तपास पोचत नाही. फासक्या शोधायच्या तर ही माणसे बरोबर हवीत, आणि त्यांना त्याची मजुरी हवी.

आता तुमच्या बंदुकीचे. मी तुमच्या जागी असतो तर परवाना नावावर करून घेतला असता. २०१६ च्या शस्त्र नियमांत वारसाकडे परवाना देण्याची सोय आहे. त्यासाठी मूळ परवानाधारक हयात नसावा लागतो असे नाही. त्याचे वय सत्तर झाले किंवा त्याने शस्त्र पंचवीस वर्षे बाळगले, यांतले जे आधी होईल तेव्हा वारस अर्ज करू शकतो. आजोबांच्या हयातीत, त्यांच्या सहीने आणि इतर वारसांच्या नाहरकतीने हे काम करा. मागाहून भावकीत वाद निघतात. सातबारा आणि पिकाची नोंद बरोबर ठेवा, कारण शेतीसंरक्षणाचा परवाना आहे तर शेती दाखवावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा असतो, नूतनीकरणाची तारीख चुकवू नका. आजोबांचे निधन झाल्यावर ‘बघू नंतर’ म्हणून माळ्यावर पडलेली बंदूक म्हणजे बेकायदा शस्त्र, आणि त्याचा त्रास घरातल्या म्हाताऱ्या आजीला होतो.

बार शक्यतो आवाजापुरताच काढा. जास्त भर गडगा रचण्यावर द्या. शेजारच्या पडीक मळ्याच्या मालकाला फोन करून निदान रान साफ करायची परवानगी मागा. चार जणांनी मिळून सौर कुंपण घातले तर खर्च बसतो, एकट्याने घातले तर कळप शेजाऱ्याकडे वळतो आणि भांडण उभे राहते. एवढे करूनही एखादा कळप सुटतच नसेल तर वनक्षेत्रपालांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. परवानगी हातात पडेपर्यंत जनावरावर नेम धरू नका, गावातले कोणी कितीही भरीस घातले तरी.

भात पसवायच्या आधी, गणपतीनंतर लगेच, आजोबांना जमेल तितके बरोबर घेऊन आपल्या आणि शेजारच्या हद्दीतला प्रत्येक गडगा आणि प्रत्येक खिंडार फिरून या. डुक्कर कुठून शिरते ते त्यांना माहीत आहे, आणि फासकी तिथेच असते. रिकामी वायर दिसली तर जागेवर तिचा फोटो काढा आणि वनरक्षकाला बोलवा, ती स्वतः काढून घरी आणू नका, नाहीतर ती तुमच्याच नावावर लागायची. जनावर अडकलेले दिसले तर जवळ जाऊ नका, कुत्रे बांधा, माणसे लांब ठेवा आणि १९२६ या क्रमांकावर वनखात्याला कळवा. वायर तोडायचा प्रयत्न करू नका. चवताळलेला बिबट्या वायर तुटल्याबरोबर समोरच्या माणसावर येतो.